भिंतीपलीकडचा आरसा

बावीस वर्षं पेनामून राजघराण्याच्या थडग्यांत भिंती रंगवत होता. मेलेल्या माणसाला पुढच्या जगात लागेल ते सगळं त्याने रंगवलं होतं: पावांच्या चळती, बदकं, मद्याचे रांजण, पलंग, पेट्या. पण खरं सामान आत मांडलेलं कसं दिसतं, ते त्याने कधीच पाहिलं नव्हतं. चित्रकारांनी कुंचले धुऊन निघून जायचं. सामान नंतर यायचं आणि दार लिंपलं जायचं.

त्या सकाळी तो कोल्हेतोंड्या देवाचा कान काळ्या रंगाने भरत होता. आतल्या दालनात दगड ढासळला आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ केन्ना ओरडला, "दाजी! दिवा आणा, लवकर!"

केन्नाच्या छिन्नीने भिंत आरपार फुटली होती. भोकातून जुनी, कोंदट हवा येत होती. पेनामूनने दिवा आत धरला. पलीकडे कुणाचं तरी जुनं थडगं होतं. सिंहाच्या पायांचा पलंग, तागाच्या घड्या, वेताच्या टोपलीत वाळून दगड झालेले पाव, चपलांचा जोड आणि पेटीवर तांब्याचा आरसा. सगळ्यावर बोटभर धूळ.

मुकादम नेखेमूत धावत आला. त्याने आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मेलो! आता म्हणतील, आपणच मुद्दाम फोडलं. प्रधानाच्या कारकुनाला निरोप धाडतो. तोवर, पेनामून, जे दिसतंय ते सगळं कपचीवर काढून ठेव. एकही वस्तू सुटता कामा नये."

केन्ना दिवा घेऊन आत उतरला. पेनामून भोकाशी बसून चुनखडीच्या कपचीवर रेघा ओढू लागला. मध्येच शाई संपली म्हणून तो ती घोटायला बाहेर गेला. परत आला तेव्हा केन्ना वर येऊन आपल्या हत्यारांच्या टोपलीपाशी बसला होता.

"झालं ना?" मुकादमाने विचारलं. "मग भोक बुजवायला दगड जमवून ठेवा."

पेनामूनने चित्र एकदा ताडून पाहिलं. कपचीवर आरसा होता. पेटीवर नव्हता.

त्याने केन्नाकडे पाहिलं. केन्नाने मान खाली घातली. टोपलीतल्या फडक्याला एक गोल फुगवटा आला होता.

थडग्यातली चोरी म्हणजे सुळावर मरण. चित्रातला आरसा पुसावा, तर मुकादमाने तो पाहिला होता.

"पलंगाचा पाय नीट उतरला नाही," तो म्हणाला. "मी स्वतः आत जातो. केन्ना, दिवा धर. आणि टोपली घे, वाटेतला दगड हलवावा लागेल."

"आटपा लवकर," मुकादम म्हणाला आणि कारकुनाची वाट पाहायला दारात गेला.

आत उतरताच पेनामूनने केन्नाचं मनगट आवळलं. "ठेव तो."

"दाजी, मी... तो नुसता पडून होता हो. कुणाला कळणार होतं?"

"तुझ्या बहिणीला काय सांगू मी? ठेव म्हणतो ना!"

केन्नाने फडकं सोडून आरसा काढला आणि पेटीवर टेकवला. पेनामूनने तो चित्रातल्यासारखा फिरवून ठेवला. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली.

कारकून बारीक चणीचा होता आणि त्याला मुळीच घाई नव्हती. कपची हातात धरून तो एकेका वस्तूवर बोट ठेवत गेला. पलंग. पाव. चपला. पेटी. मग थांबला.

"सगळ्यावर धूळ आहे. आरशावर नाही."

केन्नाचा श्वास पेनामूनला मानेवर जाणवला. पोरगा आता सगळं ओकणार, हे त्याला कळलं.

"मी पुसला," पेनामून म्हणाला. "दांड्यावरचं नक्षीकाम दिसत नव्हतं. चित्र चुकलं असतं."

"मेलेल्याच्या वस्तूला हात लावलास?"

"लावला, महाराज."

कारकुनाने त्याच्या शाईने माखलेल्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "वस्तू पुऱ्या आहेत. भोक बुजवा. याच्या पायांच्या तळव्यांवर पन्नास फटके."

फटके डोंगरपायथ्याशी, सगळ्यांसमोर बसले. तिसाव्यानंतरचे पेनामूनला आठवत नाहीत. घरी त्याची बायको हेनूत त्याच्या तळव्यांना मध लावताना चिडून म्हणाली, "म्हातारपणी काय हो ही अवदसा आठवली? आरसाच बघायचा होता तर माझा नव्हता का?" तो नुसता हसला. दारात उभा असलेला केन्ना मात्र आत आला नाही.

त्यानंतर पेनामूनला परांचीवर उभं राहणं कधीच जमलं नाही. तो खाली बसून भिंतींचे तळपट्टे रंगवू लागला. वरचे देव दुसऱ्यांच्या वाट्याला गेले. रोज पहाटे केन्ना त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढायचा. पहिले कित्येक दिवस दोघं बोललेच नाहीत. एके दिवशी चढणीवर केन्ना म्हणाला, "दाजी, तुम्ही जड झालात."

"तुझी बहीण वाढते तेवढं खातो," पेनामून म्हणाला. "चल, ऊन वर यायच्या आत पोहोचव."