रंगवलेल्या बॉलच्या डब्यावर माझं नाव

गोल्फ मी कधी खेळलो नाही, पण गोल्फचे बॉल मी ओळखतो. कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात मी चेकिंगचं काम करतो. गोल्फच्या मैदानांवरच्या तळ्यांत पडलेले बॉल पोत्यांतून आमच्याकडे येतात. ते धुवायचे, निवडायचे, डब्यांत भरून विकायचे. जुना माल जुना म्हणून विकायचा, यात लाज कसली?

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. काम समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून सुरुवातीलाच मी प्रत्येक जातीचा एक बॉल करवतीने कापून पाहिला. एकात नुसता रबराचा गोळा, वर टणक कवच. तो लांब जातो, पडल्यावरही पळत राहतो, मार सोसतो. शिकणाऱ्याने तोच घ्यावा. दुसऱ्यात थरावर थर, आणि कवच असं मऊ की नख दाबलं तर जाणवतं. मुरलेल्या खेळाडूच्या हातून तो हवा तिथे थांबतो, पण नवख्याच्या हातून आणखीच वाकडा जातो. म्हणून मऊ वेगळे, टणक वेगळे. डब्यावर स्टिकर: जात कुठली, माल जुना, आणि तपासणारा म्हणून माझं नाव.

मग एका कंपनीची गिफ्टची ऑर्डर आली. सोमवारी येऊन बघतो तर मी निवडलेल्या सगळ्या क्रेटमधले बॉल गाळ्याच्या मालकाने, शेठने, परस्पर रंगवून आणलेले. मऊ, टणक, सगळे एकत्र, पांढरेशुभ्र, वर कंपनीचा छाप. बॉलवरचे बारीक खळगे रंगाने बुजलेले. स्टिकरवर ‘नवा’. खाली माझं नाव तसंच.

“शेठ, सब मिक्स हो गया. और नया क्यों लिखा?”

“सफेद है, गोल है. और क्या चाहिए?”

“गड्ढे पेंट से भर गये. सीधा उडेगा नहीं.”

“तूने कभी उडाया है? जेसल पार्क के गार्डन में?”

डबे भरणाऱ्या बायका हसल्या. माझं डोकं तापलं.

“मेरा नाम निकालो.”

“ग्रॅज्युएट लोगों का यही लफडा है. ठीक है, इनका डालते हैं.” शेठने बायकांमधल्या सगळ्यात थोरल्या मावशींकडे बोट केलं. मावशी खाडीकडच्या जुन्या गावातल्या.

त्या झाकण लावता लावता म्हणाल्या, “माजं नाव? घरच्या दारावर न्हाय माजं नाव, सगला नवऱ्याचा हाय. आन आज तुमाला बरी आठवन झाली, शेठ. ऱ्हाऊंदे.”

मी तिथेच, शेठसमोर, त्या कंपनीतल्या साहेबाला फोन लावला. वाटलं, खरं कळलं की तो ऑर्डर रद्द करेल.

“सर, ये बॉल नये नहीं हैं. पुराने हैं, पेंट किये हुए.”

“पता है, शेठने बताया था.”

“तो डब्बे पे लिख दूं?”

“लिखोगे तो गिफ्ट कैसे देंगे? रखने की चीज है भाई, खेलता कौन है?”

शेठने शांतपणे माझ्या हातातून फोन घेतला. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

खेळतो कोण? मी सांगतो. माझ्यासारखाच कुणीतरी, ज्याच्या घरातून त्या हिरवळीवर याआधी कुणी गेलं नाही. साहेबांनी बोलावलं म्हणून तो भेट मिळालेला डबा घेऊन जाईल. नवा बॉल म्हणून मारेल, बॉल भलतीकडे जाईल, लोक हसतील. आणि त्याला वाटेल, खोट आपल्या हातात आहे. बॉलवर संशय घ्यायचं त्याच्या मनातही येणार नाही. याचा मला संताप येतो, आजही.

दुपारभर मी आणि मावशींनी डब्यांवरून माझं नाव खरवडून काढलं. संध्याकाळी बिननावाचे डबे टेम्पोत चढले.

“अब खुश?” शेठ म्हणाला.

“नाही,” मी मराठीतच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नवी पोती आली. मी मऊ आणि टणक वेगळे करायला बसलो आणि शेठला म्हटलं, “ये क्रेट पेंट को गये, तो मैं भी गया.”

“कहां जायेगा?”

“वो मैं देख लूंगा. आप क्रेट देखो.”