सहा त्रिक

कोणत्याही मोठ्या माणसानं काहीही विचारलं, की ती एकच उत्तर द्यायची. सिंदीच्या आमच्या शाळेत पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "वय काय गं तुझं?" हलणारा दुधाचा दात जिभेनं चाळवत ती ठणकावून म्हणाली, "अठरा." वर्ग खो खो हसला. तेव्हापासून पोरं तिला अठराच म्हणू लागली. तिचं पाळण्यातलं नाव आता मलाही आठवावं लागतं.

हा धडा कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मुकादमानं घोटून घेतलेला. माय तिथं यंत्रात कापूस टाकायची आणि ही खाली सांडलेली सरकी, रुई झाडून गोळा करायची. साहेब आला की 'अठरा' म्हणायचं, एवढं तिला शिकवलेलं. आता दहा वर्षांच्या पोरीला काय कळणार, साहेब कोणता आणि बाई कोणती!

पावसाळ्यात जिनिंग बंद असे, तेवढेच महिने ती शाळेत यायची. पाढ्यांच्या बाबतीत आनंदच होता. मग मी लबाडी करायचे. इतरांना वाट्टेल ते विचारीन, तिला मात्र "सहा त्रिक?" नाहीतर "नऊ दुणे?" "अठरा!" आणि शाबास म्हटल्याशिवाय बाईसाहेब खाली बसायच्या नाहीत, माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. असा जीव लावला होता मेलीनं!

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली आणि ती दिसेनाशी झाली, तेव्हा मी तिच्या घरी गेले. घरी अठरा विश्वे दारिद्र्य. तेवढं अठरा मात्र खरं होतं. तिच्या केसांत रुई, खोकून खोकून डोळ्यांत पाणी. म्हणाली, "रागावू नका न, मॅडम. उन्हाळ्यात जिनिंग बंद झाली का येईन मी."

"अगं बये, उन्हाळ्यात शाळाही बंद असते!"

ती विचारात पडली. "मंग शाळा चालू ठेवा न तेवढी."

मी कामगार खात्याकडे तक्रार केली. तपासणी ठरली. आदल्या दिवशी तिला बजावलं, "खरं सांगायचं. दहा." ती हळूच म्हणाली, "धा म्हटलं त मायले कामावरून काढतो म्हंते मुकादम."

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये तपासणीच्या साहेबांनी नाकावरचा रुमाल न काढताच विचारलं, "बेटा, उमर किती?" तिनं मायकडे पाहिलं. मायनं मुकादमाकडे.

"अठरा."

"बुटकी हाय जराशी," मुकादम म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, दुधाचे दात आहेत तिला!"

"मॅडम, तुम्ही शाळा सांभाळा," साहेब म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

दारापर्यंत येऊन तिनं माझा पदर ओढला. "चुकलं का, मॅडम?" बरोबर म्हणावं तर शाळा गेली, चूक म्हणावं तर चूल विझली. ती पुन्हा शाळेत आली नाही.

गेल्या हिवाळ्यात बाजारात भेटली. उंची फारशी वाढलेली नाही, खोकला मात्र वाढलाय. माय वारली. मायच्या जागी आता हीच यंत्रात कापूस टाकते. हाताशी धाकटी बहीण होती आणि तिच्याही केसांत रुई.

"हिला तरी शाळेत घाल गं," मी म्हणाले.

"लय हुशार हाय, मॅडम. पाहा तुम्ही." तिनं धाकटीला पुढे ढकललं. "सांग वं मॅडमले, उमर किती?"

"अठरा," बोबडी पोर म्हणाली.

"एका दिवसात पाठ केलं तिनं," अठरा म्हणाली. आणि माझ्या तोंडाकडे बघत उभीच राहिली.