कार्डावरचं वय

आज एक जानेवारी, आणि अप्पांच्या जुन्या नंबरावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. आमच्या जनवाडा गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस आजच असतो, कारण आधार काढताना ज्यांना जन्मतारीख सांगता आली नाही, त्यांची हीच टाकली होती. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, तर वयही कार्डावर दहा वर्षांनी कमी पडलं होतं. बीदरच्या एका दवाखान्यात गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली. रुग्ण पासष्टच्या आतलेच हवे होते. मी ते कार्ड पुढं केलं आणि त्र्याहत्तरचे अप्पा त्रेसष्टचे म्हणून आत गेले. तिसऱ्या आठवड्यात त्यांना उठताना चक्कर यायला लागली. स्पिरिटच्या वासानं कोंदलेल्या खोलीत डॉक्टरीणबाई फाइल चाळत म्हणाल्या, "सत्तरीपुढं असं होऊ शकतं, म्हणूनच त्या वयाचे आम्ही घेत नाही. पण त्रेसष्टला? वय नक्की हेच ना?" मी तोंड उघडलं, तोच अप्पांनी टेबलाखाली माझं मनगट आवळलं. "गप बस," ते पुटपुटले, "किती वर्सांनी लिंगपूजेला मांडी घालून बसायलोय." गोळी बंद होईल याची मला भीती वाटत होती, आणि चालू राहील याचीही. शेवटी मी म्हणालो, "व्हय, हेच." बाईंनी ते लिहून घेतलं. महिन्याभरात अप्पा न्हाणीत पडले, खुबा मोडला, आणि परत मांडी घातली नाही ती नाहीच. त्या फाइलीत अजून असेल, त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला चक्कर. ते खोडायला मी आजवर गेलेलो नाही.