लेकीच्या कपाळावरचा भंडारा

चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, भाकर-द्राक्षरसाचं ताट माझ्यापर्यंत आलं. मी हात पुढं केला. ताट धरणाऱ्या, चर्चच्या वडिलांनी ते मागं ओढलं.

"तुम्ही थांबा. आधी घर साफ करा."

हळू नाही बोलले. शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं बोलले. शेजारी माझी तेरा वर्षांची लेक, रिबेका. सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. ताट पुढच्या बाईकडं गेलं.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करते. लग्नानंतर नवऱ्यासोबत बाप्तिस्मा घेतला, सोळा वर्षं झाली. हे वडील म्हणजे माझे बाप नव्हेत; आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीतले मोठे. पिढ्यान्‌पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं, आजोबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर. त्यांच्या लेखी आम्ही अजून नवेच. सणाच्या जेवणाची पातेली घासायची असली की मात्र आपले.

घर साफ करा म्हणजे काय, ते सांगते.

माझी आई मैंदर्गीला राहायची. शेळ्या राखायची. मरेपर्यंत तिचा देव बिरोबाच. शेवटच्या आजारात मी रिबेकाला घेऊन गेले. आईनं थरथरत्या बोटानं नातीच्या कपाळाला हळदीचा भंडारा लावला. "सुखी ऱ्हा की गं, बाळे." रिबेकानं तो पुसला नाही. वाकून पाया पडली. भाच्यानं फोटो काढला. दोन दिवसांनी आई गेली. फोटो फिरत फिरत आमच्या मंडळीच्या ग्रुपवर आला.

मंडळीच्या वडिलांचा फोन आला तसं मी पोरीला मारलं. हे लपवणार नाही. आईला माती देऊन चार दिवस झाले नव्हते.

येशू नाहीतर सैतान. उजेड नाहीतर अंधार. मधे काही नाही. मीच तिला हे शिकवलेलं. मैत्रिणीच्या घरचा दिवाळीचा लाडू तिच्या हातातून काढून मी गटारात टाकला होता. पाच वर्षांची होती तेव्हा.

मार खाऊन ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मग आजी नरकात गेली का?"

उत्तर मला पाठ होतं. तोंडातून निघेना. माझ्या बाळंतपणात हीच आजी माझं बायबल उशाशी ठेवायची. अक्षर येत नव्हतं तिला. म्हणायची, "तुजा देव तुज्यापाशी असू दे."

ताट मागं ओढलं त्या रविवारी उपासना संपल्यावर आम्हाला थांबवलं. पाळकसाहेब, आमचे पाद्री, खाली मान घालून बसलेले. वडिलांनी रिबेकाच्या हातात कागद दिला.

"पुढच्या रविवारी मंडळीपुढं उभं राहून वाचायचं. पापाची कबुली."

मागच्या उन्हाळ्यात या वडिलांच्याच मुलाच्या लग्नात हळदीची परात धरून मी दोन तास उभी होते. पाळकबाईंचे गालसुद्धा पिवळे झाले होते.

मी विचारलं, "साहेब, तुमच्या घरची ती हळद काय होती?"

"ती रीत. आपली संस्कृती. तुमची ती मूर्तिपूजा. फरक कळत नसेल तर शिकून घ्या."

रिबेका वाचत होती. पहिलंच वाक्य, 'माझी आजी अंधारात मेली.' मी कागद काढून घेतला. फाडला नाही, तेवढं बळ नव्हतं. बाकावर ठेवला.

"माझी आई कुटं गेली, मला माहीत न्हाय. तुमालाबी न्हाय. पोरगी हे वाचणार न्हाय."

"मग मंडळीत जागा नाही."

घरी नवरा म्हणाला, "वाचलं असतं तर मिटलं असतं." मी भांडले नाही. दिवसभर मशीनवर बसून पाठ गेलेली असते. भांडायलाही अंग लागतं.

येशूला मी सोडलेलं नाही. रोज प्रार्थना करते. रिबेका कधी बसते, कधी बसत नाही. ओढून आणत नाही मी तिला. लई प्रश्न विचारते. अर्ध्यांना मी म्हणते, माहीत नाही. हे म्हणताना अजून जीभ अडखळते. भीती वाटते. तरी म्हणते.

पोरीवर पुन्हा हात उचलणार नाही. दुसऱ्या कुणाला तिच्या तोंडात शब्द घालू देणार नाही. आणि दर रविवारी जाऊन बसणार. जागा नाही म्हणाले ना. मी आपल्या पायानं उठणार न्हाय. त्यांनी मला उचलून बाहेर ठेवावं, सगळ्यांच्या देखत.