सहाचा भोंगा

वेळेच्या बाबतीत धम्मशीला कुणाची भीडमुर्वत ठेवत नाही, हे परभणीकडच्या ताडकळसला सगळ्यांना ठाऊक आहे. मागं एकदा भीमजयंतीला प्रमुख पाहुणे दहाला येणार होते. दहा वाजले, तिनं मेणबत्ती लावली, वंदना घेतली आणि कार्यक्रम सुरू केला. कमिटीतली माणसं विनवण्या करायला लागली, ताई, जरा थांबा, मोठा माणूस आहे. "मोठा माणूस हाय तर घड्याळ परवडत आसंल की त्याला," एवढंच ती म्हणाली. पाहुणे साडेअकराला उगवले तेव्हा खिरीची पातेली घासून पालथी घातलेली होती. तेव्हापासून तिच्या कार्यक्रमाला येणारा पुढारी वेळेच्या आधी येऊन बसतो.

पुण्याला राहून आली म्हणून डोकं फिरलंय, असं लोक म्हणतात. पुण्याचा यात काही दोष नाही. हे खूळ घरचंच आहे आणि त्याचं मूळ तिच्या बापाच्या भोंग्यात आहे.

दत्तराव, म्हणजे धम्मशीलाचे वडील, परभणीला कापसातली सरकी काढायच्या एका जिनिंगवर भोंगा वाजवायचे. ती जिनिंग आता राहिली नाही. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून भोंगा हातानं फिरवायचा होता. लोखंडी पायांवर बसवलेला डबा आणि बाजूला दांडा. सकाळचा भोंगा आठच्या ठोक्याला व्हायचा. संध्याकाळचा मात्र ऑफिसच्या खिडकीतून मालकानं बोट वर केल्याशिवाय करायचा नाही, असा हुकूम होता, आणि ते बोट सहाला कधीच वर झालं नाही. दहा मिनिटं जायची, कधी पंधरा. आत कापूस लोटणाऱ्या बायांमध्ये दत्तरावांची बायको सरजाबाई होती. नवरा बाहेर दांड्याला हात लावून खिडकीकडं बघत उभा, आणि बायको आत फुकट राबतेय. घरी आल्यावर दोघंही त्यावर चकार शब्द बोलायचे नाहीत. बोलून करणार काय? ज्याच्या हाती ससा तो पारधी.

शाळा सुटली की धम्मशीला बापाजवळ येऊन बसायची. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून गेलेले तिला दिसायचे.

"बाबा, वाजले की."

दत्तराव तिच्याकडं न बघता म्हणायचे, "आजून न्हाई वाजले, बाई."

एवढं धडधडीत खोटं, आणि ते बोलणारा माणूस तिचा सगळ्यांत लाडका. तिला त्या वयात नुसता राग यायचा. तो राग पुढं कधी गेलाच नाही.

जिनिंग बंद पडली, भंगारवाला आला, तेव्हा दत्तरावांनी मागून मागून भोंगा घरी आणला आणि बाजेखाली सरकवला. "ही सवत घरात कामून आणलाव?" सरजाबाईनं विचारलं. दत्तरावांनी तो पायानं आणखी आत ढकलला.

धम्मशीला शिकली, पुण्याला एका कंपनीत मोठाले कंप्युटर सांभाळू लागली. आईबाप थकले तशी ती परत आली, आणि ताडकळसच्या बाहेर सूर्यभानशेठच्या नव्या जिनिंगवर तिला काम मिळालं. वजनकाटा, हजेरी, भिंतीवरची लाल आकड्यांची घड्याळं आणि आपोआप वाजणारा विजेचा भोंगा, सगळं एकाच कंप्युटरवर चालायचं, आणि तो कंप्युटर तिच्या ताब्यात होता. कापसाला ठिणगीचं भय म्हणून कामगारांचे मोबाइल गेटवरच जमा व्हायचे. त्यामुळं आत तिचा कंप्युटर सांगेल तीच वेळ. तिचा सहाचा भोंगा सहालाच व्हायचा. पहिल्या पहिल्यांदा दुसऱ्या जिनिंगवर राबून आलेल्या जुन्या बाया गोंधळून एकमेकींकडं बघायच्या, आज लवकर कसं काय सोडलं म्हणून.

सूर्यभानशेठ तसा गोड माणूस. एके दिवशी चहा पाजून त्यानं विचारलं, "मॅडम, माजं मनगटावरचं घड्याळ पुढं पळतंय. तुमचं कसं पळत न्हाई?"

अशा प्रश्नाला धम्मशीला विरघळते. प्यायचा चहा टाकून ती सांगत बसली.

"पळतंय की. कंप्युटरचं घड्याळबी मागंपुढं होतंय. पण ते घडीघडी नेटवरून पक्क्या घड्याळाला इचारतंय, किती वाजले म्हणून. आपलं पुढं गेलं आसंल तर एकदम मागं ओढायचं नसतंय. ओढलं की आत्ता आलेला माणूस मगाच आल्यावानी दिसतोय, सगळ्या हिशोबाचा चुथडा. म्हणून त्याला जरा हळू चालवायचं. खरी वेळ मागून येती, गाठती, मग दोघं संगं चालतेत."

मग तिनं पुण्याची हकिगत सांगितली. पृथ्वीचं फिरणं काही घड्याळाइतकं नेमकं नसतं, म्हणून अधूनमधून जगभरच्या घड्याळांत एक सेकंद जास्तीचा घालतात. २०१२ साली एका रविवारी पहाटे साडेपाचला तसा घातला. कंप्युटरच्या लेखी मिनिट म्हणजे साठ सेकंद. एकसष्टावा ठेवायला त्याच्याकडं जागाच नाही. त्यानं एकच सेकंद दोनदा मोजला, आणि गजर लावून निजल्यासारखे थांबलेले प्रोग्रॅम भलत्याच वेळी जागे होऊन जागच्या जागी गरगर फिरत बसले. तिच्या कंपनीतल्या कितीतरी मशीन त्या सकाळी अडकल्या. काही शहाण्यांनी याला तोड काढली होती. तो सेकंद एकदम घालायचाच नाही, दिवसभरात वाटून टाकायचा. प्रत्येक सेकंद केसभर लांब करायचा, की झालं.

"कोणाला कळत न्हाई?" शेठनं विचारलं.

"कोणालाच न्हाई," ती हौसेनं म्हणाली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला आठ दिवसांनी कळलं.

आठ दिवसांनी पुन्हा चहा आला, आणि शेठ मऊ आवाजात बोलला. "मॅडम, माल लय पडलाय, गाठी वेळेवर जाईनात. तुमची ती युक्ती करा की. दुपारच्याला घड्याळ हळू सोडायचं, मिनिटाला दोन-अडीच सेकंद. सहापस्तोर दहा मिनिटं निघतेत. रातीतून परत जाग्यावर आणायचं. कोणाला कळत न्हाई, तुमीच म्हणलाव."

धम्मशीलाला खिडकीतलं ते जुनं बोट आठवलं. माणूस बदलला, जिनिंग बदलली, दांड्याच्या जागी कंप्युटर आला, पण बोट तेच. आणि या खेपेला ते बोट चालवायची विद्या तिनंच हौसेनं शिकवली होती. तिला शेठचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली.

"शेठ, जगानं तो सेकंद पृथ्वीचं मागंपुढं झालेलं भरून काढायला वाटला. तुमी बायांचा वेळ खिशात घालायला वाटायलाव. जादा काम पायजे तर जादा मजुरी सांगा, तोंडावर सांगा. बाया थांबतील."

"दहा मिनिटांनी कोण मरतंय?"

"मग तुमीच सोडा की दहा मिनिटं. सहाला दहा कमी आसतानाच घरी लावा सगळ्यांना."

शेठचा गोडवा तिथं संपला. "मशीन माजी हाय, मॅडम."

"मशीन तुमची. वेळ तुमची न्हाई."

"न्हाई जमत तर सोडा. नांदेडहून माणूस आणीन."

तिनं केबिनची चावी आणि पासवर्डची चिठ्ठी टेबलावर ठेवली. जाताना कंप्युटरमध्ये काहीतरी बिघाड करून जाणं तिला चुटकीसरशी जमलं असतं. तिनं केलं नाही. मशीन शेठची होती, आणि चोरी मोडायला चोरी करणं तिच्या बुद्धीला पटत नव्हतं. गेटवर मात्र तिनं गौराबाईला गाठलं. गौराबाई त्या जिनिंगवरची सगळ्यांत जुनी बाई. "घड्याळावर ध्यान ठेवा," तिनं सांगितलं. गौराबाई हसली. "भोंगा झाला की सुटायचं, बाई. आमाला त्यातलं काय कळतंय."

संक्रांत झाली, आणि एका संध्याकाळी गौराबाई धम्मशीलाच्या दारात येऊन टेकली.

"दिवस मोठा व्हायलाय, अन् आमी आंधारात घरी यायलोय. गेल्या साली ह्या दिवसांत सुटीच्या टायमाला सूर्य दिसायचा, आता दिसत न्हाई. मोबाइल हातात पडला की सहाच्या वर दहा-बारा मिनिटं. मुकादम म्हणतो, मोबाइलच्या रांगेत गेली. रांगेत आमी आठ बाया!"

शेजारचं कुणी म्हणालं, कामगार ऑफिसात अर्ज करा. अर्जाला महिने लागतात, आणि दहा मिनिटं रोजची रोज जातात. धम्मशीला वाकली आणि बाजेखालून भोंगा बाहेर ओढला. त्यावरची धूळ तिनं ओढणीनं पुसली.

"राहू दे ते," दत्तराव म्हणाले.

"बाबा, उद्या सहाला गेटापुढं वाजवा. रस्ता सरकारी हाय. कोण आडवतंय?"

दत्तरावांनी मान खाली घातली. "मला सांगू नको. जिंदगीभर खोटं वाजवलं मी. आता खरं वाजवायला कोणत्या तोंडानं जाऊ?"

"मग मी वाजवते."

सरजाबाई भाकरी थापत होती. तिनं हात झटकले. "तू कामून? मिनिटं तुजी गेली का? माजी गेली. मी वाजवते."

दुसऱ्या दिवशी ऑटोत भोंगा घालून मायलेकी निघाल्या. दत्तराव न बोलवता पुढच्या सीटवर, ऑटोवाल्याशेजारी, आधीच बसलेले होते.

जिनिंगसमोर रस्त्याच्या कडेला त्यांनी भोंगा मांडला. जमीन उंचसखल, भोंगा डुगडुगायला लागला. दत्तराव उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी त्याचे पाय दाबून धरले. गेटच्या आतल्या भिंतीवरचं लाल घड्याळ रस्त्यावरून दिसत होतं. त्यात सहाला दहा मिनिटं कमी होती. धम्मशीलाच्या हातातल्या मोबाइलवर सहा वाजले.

"माय, वाजले."

सरजाबाईनं दांडा धरला, पण फिरवला नाही. तिनं खाली बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं.

"वाजले का हो?"

दत्तरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग लेकीच्या मोबाइलकडं, मग बायकोकडं.

"वाजले," ते म्हणाले.

तिनं दांडा फिरवला. गंजलेला भोंगा आधी नुसता कण्हला, मग त्याचा गळा मोकळा झाला आणि आवाज पार शेतांपर्यंत गेला. आतल्या मशीनच्या खडखडाटातही तो पोचला असावा, कारण दारात पहिली गौराबाई आली, डोक्याच्या फडक्यावर कापूस तसाच. तिच्या मागून बाकीच्या. मुकादम ओरडत होता, आजून टाइम हाय, घड्याळ बघा. गौराबाई सरळ गेटच्या केबिनपुढं गेली. "आमचे मोबाइल टाका हितं. मंग सांगा किती वाजले."

सूर्यभानशेठ बाहेर आला. "हा काय तमाशा लावलाव?"

"सहाचा भोंगा हाय," धम्मशीला म्हणाली. "उद्याबी सहालाच हुईल. तुमचं घड्याळ जुळवून घ्या, न्हाईतर आमी हाव."

शेठ काही बोलायला गेला, पण भोंग्यापुढं त्याचं त्यालाच ऐकू येईना. बाया मोबाइल हातात घेऊन रस्त्यावर आल्या, सरजाबाईभोवती उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच वेळ होती.

"माय, बास," धम्मशीला आईच्या कानाशी म्हणाली. "आल्या समद्या."

सरजाबाईच्या कपाळावर घाम आला होता, पण हात थांबला नाही.

"थांब गं," ती म्हणाली. "मागले लय वाजवायचे राहिलेत."

दत्तरावांनी पाय आणखी घट्ट धरले.