घोड्यांचे डोळे

१२ जानेवारी, रविवार. सहा घोडेस्वारांच्या पायाखाली वाळू चिकटवायची होती. बांधकामाची उरलेली वाळू चहाच्या गाळणीने चाळून घेतली, गोंद लावला आणि अंगठ्याएवढे ते मराठा स्वार एकेक करून तिच्यात उभे केले. संध्याकाळी पाचच्या आत फोटो टाकायचा होता. ऐतिहासिक सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती रंगवणाऱ्यांचा आमचा एक ऑनलाइन गट आहे. तिथे हिवाळ्यात आव्हान असतं, आणि यंदा ते जोडीने करायचं होतं. कोणी काय रंगवलं ते फोटोखाली लिहायचं, एवढा एकच नियम.

माझे जोडीदार म्हणजे मागच्या गल्लीतले चाचा. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. आमच्या लॅबची पाटी त्यांनीच रंगवली, तेव्हापासूनची ओळख. उसाच्या हंगामात कागलपासून ट्रॉल्या त्यांच्याकडे मागच्या फळीवर घोडा रंगवून घ्यायला यायच्या. आता हात कापतो म्हणून दुकान बंद केलंय. यंदा मीच त्यांना ओढलं. स्वार मी रंगवायचे, घोडे त्यांनी. चाची म्हणाल्या, "म्हातारपणी घोडं नाचवाय निघालाय." पण दोन महिने ते रोज बसले.

घोड्यांचा रंग असा साधला होता की मला जन्मात जमणार नाही. डोळे मात्र चुकले होते. दोन घोड्यांचे तर पार गालावर गेले होते. गोंद वाळेपर्यंत वेळ होता. तपकिरी रंगाने ते डोळे बुजवले, नवे काढले, प्रत्येकात पांढरं टिंब दिलं. वीस मिनिटांचं काम. विचारायला गल्ली ओलांडायची होती, तेवढीही मी ओलांडली नाही. फोटोखाली लिहिलं: स्वार माझे, घोडे चाचांचे.

सहापर्यंत कौतुकाचा ढीग पडला. 'घोड्यांचे डोळे जिवंत आहेत,' असं तिघांनी लिहिलं. मी फोन घेऊन चाचांकडे गेले. चाचींनी चहा टाकला. चाचांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"ताई, ह्यो उजेड उजवीकडनं कसा आला वो?"

मला आधी कळलंच नाही.

"डोळ्यातलं टिंब बघा की. माझ्या दुकानाचं दार डावीकडं. चाळीस वरसं उजेड डावीकडनं घेतलाय. पाटी असू दे न्हायतर ट्रॉली, सावली कायम उजवीकडं. आन् हितं सहाच्या सहा उलटं."

माझ्या टेबलाची खिडकी उजवीकडे आहे. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण चाची चहाचा कप पुढे करत होत्या, फोनवर नवं कौतुक येत होतं, आणि मी म्हणाले, "कुणाच्या लक्षात येतंय चाचा."

"माझ्या आलं की. हात कापतोय त्ये ठावं हाय मला. पर उजेड चुकंल असं वाटलं न्हवतं. आता डोकं बी गेलं म्हणायचं." त्यांनी उशाशी ठेवलेला बारीक ब्रश काढला, कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. मी आता न्हाय बसत."

तो ब्रश मी घेतला. घेऊन घरी आले, भाकऱ्या केल्या, भांडी घासली. मी त्यांचं काम सुधारलं नव्हतं. मला फोटो चांगला हवा होता. चाळीस वर्षं त्यांना जिची खात्री होती ती एकच गोष्ट मी त्यांच्याकडून काढून घेतली, आणि वर चहा पिऊन आले.

सकाळी सात वाजता सहाही घोडेस्वार, रंग आणि तो ब्रश स्टीलच्या डब्यात घालून चाचांकडे गेले. चाचा दात घासत होते.

"डोळे मी काढलेत," मी म्हणाले. "तुमचे बुजवून. न विचारता."

त्यांनी चूळ भरली. "मग काल गप का बसला?"

"लाज वाटली."

"आन् माझं चुकलं हुतं का न्हाय?"

"डोळे गालावर गेले होते. उजेड बरोबर होता."

"डावीकडनं?"

"डावीकडनंच."

"ऐकलं का गं," ते आत बघून ओरडले, "डोकं जाग्यावर हाय माझं!"

"कधी हुतं?" आतून आवाज आला.

ते हसले नाहीत. माझ्याकडे न बघता त्यांनी ब्रशासाठी हात पुढे केला. मी फोनवर फोटोखालचा मजकूर बदलला: घोडे चाचांचे, डोळे माझे, त्यांना न विचारता काढलेले. मग मी काढलेले डोळे बुजवले, ब्रश त्यांच्या हातात दिला आणि पहिला घोडा दोन्ही हातांत घट्ट धरून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी काढलेला डोळा जरा खालीच बसला. टिंब डावीकडे पडलं. मी हात लावला नाही. तसाच फोटो काढला आणि लॅब उघडायला गेले.