टाचणीचे दोन खिसे

नाही गं, खोडू नकोस, असू दे तसंच. मी बोलते तसंच लिही, तुझ्या निबंधासारखं नको. हं, तर टाचणीचं सांगत होते. ती यंदा निवृत्त होतेय ना, तर वरच्या मजल्यावरचे सर तिच्यावर छोटंसं पुस्तक काढणार आहेत. निरोप आला, मावशींनीही चार ओळी द्याव्यात. मला कुठल्या ओळी येतात! पगारालासुद्धा अंगठाच उठवला जन्मभर. म्हणून तुला बसवलंय. हात दुखला की सांग, चहा टाकू.

वाचणाऱ्यांना आधी जागा सांग. खाली शाळा, वर विद्यापीठाचा वर्ग, मध्ये एक जिना. खालच्या शाळेत अशी मुलं, ज्यांना एखादी गोष्ट शिकायला इतरांपेक्षा दसपट वेळ लागतो. वर त्यांच्या शिक्षकांची पदवी. म्हणजे वरची मोठी मुलं दोन वर्षं शिकणार आणि खाली येऊन पाठ घेणार. मी खालच्या शाळेत मावशी. फरशी पुसायची, डबे उघडून द्यायचे, घरी जाताना कोट घालायचे. अकरा मुलं, एकेका कोटाला पाच बटणं. बाहेर बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी टपाटप सगळी बटणं लावून पोरांना रांगेत उभी करायचे, त्याचा दुसरा हॉर्न वाजायच्या आत. मला त्याचा फार तोरा होता.

मला वाटायचं, मुलांना सांभाळायला पदवी कशाला लागते? माया असली की झालं. वर जिन्याच्या तोंडाशी पुसायला गेले की कानावर पडायचं, कोट घालण्याचे बावीस तुकडे करा आणि एकेक तुकडा शिकवा. मी खाली येऊन बसवाल्याला सांगायचे, "वरती कोटाची खांडोळी चाललीय." तो हसून हसून बेजार.

त्या वर्गात टाचणी आली. पस्तिशीची बाई, बाकीच्या पोरी विशीतल्या. त्या तिला काकू म्हणायच्या. टाचणी हे नाव माझं. शिवणकाम करणारी बाई, गळपट्टीला कायम चार टाचण्या खोचलेल्या. वर्गात पाठाचं टाचण लिहायला सांगितलं की पोरी ओरडायच्या, "काकू, तुमच्याकडे तयारच आहेत!"

चांगलं चालतं दुकान सोडून ही इथे का आली, मी एकदा विचारलं. ती जिन्यावर बसून डबा खात होती. म्हणाली, "मावशी, तुमच्या शाळेतल्या मुलांच्या आया माझ्याकडे कपडे आणायच्या. म्हणायच्या, सगळी बटणं काढा, ती चरचर उघडणारी चिकटपट्टी लावा, याला जन्मात जमणार नाही. मी काढायचे. काढलेली बटणं एका बरणीत टाकायचे. एक दिवस बरणी भरली."

"मग?"

"मग काय! बघत बसले बरणीकडे. इतक्या पोरांची बटणं मी काढून घेतली, आणि एकालाही विचारलं नाही, बाळा, करून बघतोस का?"

मी तिच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली.

तिच्या सासूबाई दुकान बघत होत्या. त्यांनी सांगितलं होतं, "दोन वर्षं मी मशीन चालवते. तिसऱ्या वर्षी मशीन विकते नाहीतर तुला परत बसवते." त्या बोलायच्या तसं करायच्या.

आता घोळ कसा झाला ऐक. शेवटच्या वर्षी एक मोठा पाठ असतो. बाहेरून परीक्षक येतात आणि मागे खुर्ची टाकून बघतात. टाचणीच्या वाट्याला आली पाहुणी. अकरा वर्षांची पोर, रोज दाराशी पाहुण्यासारखी उभी राहायची, कुणी ये म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही, म्हणून पाहुणी. तिला कोटाची बटणं लावायला शिकवायची होती. पोरीनं पहिलं बटण काजाशी नेलं, अडखळली, आणि टाचणीची बोटं गेली की पुढे! पंधरा वर्षं शिवणकाम केलेली बोटं ती, थांबतात होय? पाचही बटणं लागली, कुणाला कळायच्या आत. परीक्षक बाईंनी कागदावर एकच ओळ लिहिली. टाचणीनं मला वाचून दाखवली: "कोट छान बसला, पण विद्यार्थिनीनं काहीच केलं नाही." नापास.

पुन्हा एकदा संधी होती, महिन्याभरानं. तीही गेली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे सासूबाईंचं तिसरं वर्ष.

टाचणी रडली नाही. तिनं कापडाच्या पाच पट्ट्या शिवल्या. पहिल्या पट्टीवर बशीएवढं बटण आणि त्याला भलं मोठं काज, दुसरीवर त्याहून लहान, असं करत करत पाचवीवर कोटाचं खरं बटण. लहान बटणं सगळी त्या बरणीतली. रोज पाहुणीसमोर पट्टी ठेवायची आणि गप्प बसायची. आणि स्वतःच्या अंगातल्या झग्याला दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत जातील असे खोल खिसे शिवले. "हातांना घर केलंय," म्हणाली. मी म्हटलं, "वरून कुलूपही लाव!"

इथपर्यंत आमचं गोड होतं. पाठाला आठ दिवस उरले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, घरी जाताना पाहुणीचा कोट तुम्ही लावू नका. तिचा ती लावेल."

"आणि बस?"

"थांबेल."

"तुला एक पोर आहे बाई, मला अकरा!"

"मावशी, दिवसभर मी शिकवते आणि चार वाजता तुम्ही सगळं पुसून टाकता."

मला ते लागलं. पंधरा वर्षं मी काय झोपा काढल्या? त्या पोरांची नाकं पुसली, तापात मांडीवर घेतली, आणि काल आलेली बाई मला सांगते! मी तोंड फिरवलं. तिच्याशी बोलणं बंद. आणि पुढचं लिही बरं का, गाळू नकोस: त्या आठही दिवसांत चार वाजता पाहुणीचा कोट मीच लावला. टाचणी वर वर्गात असायची, तिला दिसायचं नाही. मी बोटानं तिची हनुवटी हलकेच वर करायचे, ती मान वर करायची, मी वरचं बटण लावायचे. आमचं दोघींचं ठरलेलंच होतं ते.

पाठाच्या दिवशी मी बादली आणि ओलं फडकं घेऊन मुद्दाम दारात. परीक्षक बाई त्याच. टाचणी पाहुणीसमोर, हात खिशात. पाहुणीनं खालचं बटण धरलं, काज शोधलं, घातलं. दुसरं घातलं. माझीच छाती फुगली गं. तिसरं घसरलं. पुन्हा घसरलं. पोर थांबली. तिनं इकडे तिकडे बघितलं, आणि तिला दारात मी दिसले.

तिनं हनुवटी वर केली.

सगळ्या खोलीनं माझ्याकडे बघितलं. परीक्षक बाईंचं पेन थांबलं. टाचणीनं वळून पाहिलं नाही, पण खिशातल्या तिच्या मुठी मला कापडावरून दिसत होत्या, शिवण आता उसवते की मग. माझा हात आपोआप उठला होता, फडक्याचं पाणी टपटप पायावर. तिच्याकडे गेले असते तर पाठ संपलाच. नाही गेले आणि तिथंच उभी राहिले, तर ती पोर संध्याकाळपर्यंत हनुवटी वर करून उभी राहिली असती. तिला सवय कुणी लावली? मी.

मी पाठ फिरवली. बादली तिथेच टाकली आणि चपला वाजवत निघून गेले, तिला ऐकू जावं म्हणून मुद्दाम वाजवत. जिन्यावर बसले. मला ओळीनं वीसपर्यंतच मोजता येतं. वीस झाले की पुन्हा एकपासून. किती वेळा वीस झाले, सांगता येत नाही. खोलीतून चकार शब्द नाही. एवढी शांतता मी कुणाच्या आजारपणातसुद्धा सोसली नव्हती.

मग दार उघडलं. पाहुणी बाहेर आली. कोट सगळा वाकडा, एक बटण भलत्याच काजात, गळपट्टी एका कानाशी. माझ्यासमोर उभी राहिली. हनुवटी खाली, आणि डोळे स्वतःच्या बटणांवर. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, शहाणी.

मागून परीक्षक बाई. त्यांनी टाचणीला विचारलं, "चुकलेलं बटण दुरुस्त का केलं नाही?"

टाचणी म्हणाली, "तो उद्याचा पाठ आहे, मॅडम."

बाई हसल्या आणि पेन बंद केलं. टाचणी पास झाली.

बाई गेल्यावर टाचणी माझ्याशेजारी जिन्यावर टेकली. हात अजून खिशातच. म्हणाली, "मावशी, रुसून निघून गेलात ना? बरं झालं हो गेलात." आणि हसली. मीही नाक मुरडून म्हटलं, "मग! रुसणारच." त्या दिवशी चार वाजता मी बसवाल्याकडे जाऊन त्याला सांगितलं, "हॉर्नवरचा हात काढ. आजपासून माझी माणसं आपापले कोट लावणार आहेत." पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. तो मला काय काय बोलला ते लिहू नकोस.

पुढे टाचणी त्याच पदवीला शिकवायला लागली. पंचवीस वर्षं. नव्या मुलांना पहिल्या दिवशी सुईदोरा देते आणि खिसे शिवायला लावते, मुलग्यांनासुद्धा. आणि हसवायला माझी गोष्ट सांगते, आमच्या मावशी कशा रुसून गेल्या आणि त्यांच्या रुसण्यानं माझा पाठ कसा तरला. मुलं हसतात. मीही हसत आले. पंचवीस वर्षं तिला रुसवाच सांगू दिला, कारण खरं सांगायचं तर ते आठ दिवसही सांगावे लागले असते. तोरा जात नाही माणसाचा लवकर.

आता माझे गुडघे तो जिना चढत नाहीत. टाचणी स्वतःचं कौतुक छापलेलं काही वाचायची नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही वाचणारे तरी वर जाताच. तिला भेटलात की सांगा, मावशी रुसून गेली नव्हती. आठ दिवस बटणं चोरून तीच लावत होती, आणि त्या दिवशी तिच्याजवळ खिसे नव्हते, म्हणून जिन्यावर हातांवर बसून वीस वीस मोजत होती. एवढं तिला सांगा.